नकुशीची परात

न्हाई, कुनाचाच बसला न्हाई इस्वास. वस्तीत न्हाई, गावात न्हाई, पोटच्या पोरीचा बसला न्हाई, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसता. म्हनून म्हनते भाऊ, दराचं मागनं बोलू. शिक्रापुरास्नं येवढी गाडी घालून आलाय होडी बगायला, तर नीट बगा — उकिडवं बसा हितं, कोंबडीला भिऊ नका, ती खुडूक हाय, होडीखालनं उठायची न्हाई — आन् हे भोक बगा. बोट लावा. आत बोळा लागतोय तो माझाच हाय, मीच कोंबलाय. कडा बगा, कडा. गोल हाय का न्हाई? दगडानं पडलेलं भोक आसं गोल आसतंय? दगडानं पत्रा चिरतो, आत दबतो, चेपतो. हे गोल हाय. हे गिरमिटानं पाडलंय. सुतार लाकडाला भोक पाडतो त्या गिरमिटानं. आन् ह्या धरनाच्या काठाला गिरमिट एकाच मानसाकडं हाय — माझा दीर, हौसराव. लाकडाच्या होड्या करतो. तुमी कंपनीत पत्र्याचंच काम करता म्हनला ना मगाशी? मग तुमाला कळंल. तुमी फकस्त येवढं म्हना, व्हय बाई, हे मानसानं पाडलंय. येवढं म्हना आन् घेऊन जावा होडी, द्याल त्यात देते. न्हाई म्हनला तर मात्र मोकळी गाडी घेऊन जायचं. आधी तीन गिऱ्हाइकं आशीच घालवलीत मी.

माझं नाव? नकुशी. हसू नका. चार पोरींच्या मागं झाले, बापाला नको होते, म्हनून नकुशी. मालकाचं नाव काय म्हंजी? बाईला नवऱ्याचं नाव इचारत्यात व्हय? रेशनकार्डावर हाय, तिथं वाचा. आमी नाव घेत न्हाई. 'हे' म्हनायचं, 'सारिकाचा बापू' म्हनायचं. मानूस मेला म्हनून त्याचं नाव तोंडात घ्यायला मोकळीक झाली आसं न्हवं.

होडी कुठली ते सांगते. माझं माहेर दौंडचं, भीमेच्या काठावरचं. तिथं रेल्वेचा एक गोरा ड्रायव्हर होता, गोरा म्हंजी इंग्रज न्हवं, आपल्यातलाच, पन घारा, टोपीवाला, पेन्शनीत निघालेला. त्याची ही होडी. जर्मनची — आपली जर्मनची पातेली आसत्यात ना, चहाची, त्याच धातूची. अॅल्युमिनियम म्हना तुमी. आमची साळा नदीकडं तोंड करून. मी चौथीपातूर शिकले ती खिडकीपाशी बसून, आन् खिडकीतनं रोज काय दिसायचं, तर ही होडी आन् तिच्यात तो सायेब. गळ पान्यात सोडलेला आन् मानूस पेपर वाचत बसलेला. मासा लागो न लागो. भाऊ, मी भोयाची पोर. पान्यात जानारा मानूस म्हंजी जाळं वढनारा, शिव्या देनारा, थंडीनं काकडनारा, येवढंच मला ठावं. पान्यावर रिकामा बसलेला मानूस मी तो येकच बगितला. मास्तर पाढे म्हनायला लावायचे आन् माझं ध्यान तिकडं. वाटायचं, आसं एकदा आपन बसावं. कायबी न करता. कुनी हाळी न मारता.

मग लग्न झालं, हिकडं शिरूर तालुक्यात आले, घोड नदीच्या धरनावर. पोरगी झाली, पोरगी मोठी झाली, मी पाट्या डोक्यावर घेऊन मासळी इकत हिंडले. एकदा दौंडच्या बाजाराला गेलते मासळी घेऊन, तर टेसनामागच्या भंगाराच्या आवारात काय बगते — हीच. आडवी पाडलेली, आत पावसाचं पानी, आन् एक बाबा छिन्नी घेऊन बसलेला, तोडायला. सायेब मेला, पोरं परदेशात, बंगला इकला, होडी भंगारात. मी पाटी तिथंच ठिवली. त्या बाबाला म्हनलं, थांब. तो म्हनला, बाई हिची पातेली होनार हायेत. म्हनलं, पातेली झाली तर तुझ्या डोक्यात घालीन एक एक. नाकाडावर हात फिरवून बगितला — ह्या रिबिटा बगा भाऊ, रांगोळीचे ठिपके काढल्यावानी सारख्या. आजकाल करत्यात का कुनी आसं? पायातलं चांदीचं वाळं काढून दिलं त्याच्या हातात. लग्नातलं होतं. मोकळ्या पायानं घरी आले, पन होडी घेऊन आले. कांद्याचा टेंपो मोकळा परत चालला होता, त्याच्यावर उलटी टाकली, आन् मी वर बसले. न्हावऱ्याच्या चौकात मानसं हाटेलातनं भाईर येऊन बगायला लागली. एक म्हनला, मावशी, येवढी मोठी परात कुनाच्या लग्नाला? म्हनलं, तुझ्या तेराव्याला.

पन नाव पडलं ते पडलं. नकुशीची परात. हौसरावानंच पसरवलं वस्तीत. त्याला झोंबलं ना. त्याची लाकडी होडी चार मानसांनी उचलायची, आन् माझी मी एकटी काठावर वढायची. पयल्या दिवशी त्याला म्हनलं, भावजी, पूजा करा हिची. तर म्हनला, परातीची पूजा करू? वहिनी, त्यात पीठ मळा.

तुमाला आमच्यातलं ठाऊक नसंल. आमच्या वस्तीत नवी होडी पान्यात घालायच्या आदी तिच्यात पैसा ठेवायचा आसतो. तांब्याचा. जुना. फळीखाली, कुनाला दिसनार न्हाई आसा. नारळ फोडायचा हौसरावानं, आन् पैसा ठेवायचा घरधन्यानं. कुठं ठेवला ते बायकोला सांगायचं न्हाई. सांगितलं तर त्याचा उपेग जातो म्हनत्यात. वस्तीतल्या सगळ्या होड्यांत हाय. म्हाताऱ्या लाकडी होड्या फोडल्या तरी फळ्यांत पैसे निगायचे, तसेच चकाकत. माझ्या होडीला काय? ना नारळ, ना पैसा. मी ह्यांच्याकडं बगितलं. हे बिडी वढत उभं. हौसराव म्हनंल ते खरं. मग मी एकटीनंच लोटली पान्यात. बाया म्हनल्या, बिनपैशाची होडी, बुडनार.

न्हाई बुडाली. तेच तर सांगते. किती वर्सं चालली. तुमी तिच्यात बसलाच न्हाई भाऊ, तुमाला कसं सांगू. लाकडाची होडी पान्यात गप आसते. ही बोलती. खालनं पानी टकटक करतं, ताटावर बोटं वाजवल्यावानी. पाटं पाटं जाळं उचलून झालं ना, की मी माघारी फिरायची न्हाई. मधी जायची, जिथनं दोन्ही काठ सारखे दिसत्यात तिथं. वल्हं आत घ्यायची. आन् तळात पाय लांब करून आडवी व्हायची, पाटीवर डोकं ठिवून. वर निस्तं आभाळ. पाठीला गार पत्रा, त्याच्याखाली पानी हलतंय, हे सगळं पाठीला कळतंय. पेपर न्हवता, तर इडलीवाल्याचा कागूद वाचायची. येकच कागूद किती वेळा वाचावा, पन वाचायची. एकदा एक मरळ आपनहून उडी मारून आत पडली, छातीवर माझ्या. हसले मी. एकटीच हसले, मोठ्यांदा. घरात मी कवा हसत न्हवते. ऊन तापलं की पत्रा चटके द्यायला लागायचा, मग यायची. उन्हाळ्यात तर तिच्यावर भाकरी भाजंल. तुमी घेतली तर आत गोनपाट टाकून बसा. सांगून ठिवते.

आन् काठावर हे. रोज. बाभळीखाली, हितंच, तुमी बसलाय तिथं. पान्याकडं पाठ करून. बिडी वढत, गावाकडं तोंड करून बसायचे. मी आले की उठायचे आन् घरी चालू लागायचे. पाटीला हात न्हाई लावायचे. मी म्हनायची, बसायचंच हाय तर हिकडं तोंड करून बसा की, बायको काय पान्यात नागडी हाय का? तर म्हनायचे, मला पान्याची चकाकी सोसत न्हाई. भोयाला पान्याची चकाकी सोसत न्हाई. आयका. मला ठाऊक होतं, लाज वाटायची. बायको परातीत बसून जाते, आन् वस्ती बगते. म्हनायची मी त्यांला, वाटू द्या लाज, मला न्हाई वाटत. एका सबदानं कवा म्हनले न्हाईत, चांगली हाय होडी. येकदाबी पाय ठिवला न्हाई तिच्यात. पान्यात न्हाई. आल्याड वर वढलेली आसताना टेकले एकदा — आजारी होते तवा. छाती धरलेली, ससूनच्या डाक्टरनं घरी न्या म्हनून सांगितलेलं. संध्याकाळी म्हनले, मला काठाला न्ये. आनलं धरून. तर बाभळीखाली न बसता होडीत जाऊन बसले. ह्या मागल्या फळीवर. मी म्हनलं, ऊठा, वारं लागंल, पत्रा गार हाय. मी भांडी घासाय गेले, आले, तरी बसलेलेच, वाकून. म्हनलं, काय हुडकताय? म्हनले, काय न्हाई, बिडी पडली. उठले. त्याच पंधरवड्यात गेले.

आन् तवाच्या तवा मी हौसरावाची चोरी वळखली. ह्यांच्या कमरंला करदोडा आसायचा, काळा, त्यात भोकाचा पैसा ववलेला. तांब्याचा, राजाच्या वक्ताचा, मधी भोक. बापानं घातलेला ल्हानपनी, कवा काढला न्हाई. घासून घासून त्याच्यावरचं साल उडालेलं, एका अंगाला चावल्यावानी दबलेला — सारिका रांगत होती तवा तिनं दात धरला त्याच्यावर, तिच्या दाताची खून. तर आंगुळ घातली बाप्यांनी, मी बगते तर करदोडा हाय, पैसा न्हाई. आंगुळ कुनी घातली? हौसरावानं. मी तिथंच, मयताफुडं म्हनले, भावजी, पैसा टाका. तो रडायला लागला. नाटकी. म्हनला, वहिनी, न्हवताच. पोरगी माझ्यावर वराडली, आई, आज तरी गप. मी का गप बसू? पैशाची किंमत न्हवती हो. माझा होता.

तवापास्नं त्यानं येनं टाकलं. आन् मग तीन-चार पावसाळे गेले, आन् हे. पाटं मी मधी आडवी पडलेली, आन् पाठ भिजली. म्हनलं, पानी शिपडलं आसंल. मग केस भिजले. उठून बगते तर मागल्या फळीखालनं पानी आत येतंय, कारंज्यावानी न्हाई, गुपचूप. पदर कोंबला, न्हाई थांबलं. हाका मारल्या. काठावर कोन न्हाई. बाभळीखाली कोन न्हाई. पयल्यांदा मी तिकडं बगून हाक मारली आन् मग ध्यानात आलं, की तिथं बसनारं मानूस गेलं. पवत आले, होडीची दोरी दातात धरून. सोडली न्हाई. वर वढली, उलटी केली, आन् बगितलं — हे गोल.

गिरमिट. दुसरं काय? पंच बसवले देवळाफुडं. मी म्हनलं, हौसरावानं मला मारायला भोक पाडलं. तर तो म्हनतो कसा, वहिनी, जुनं जर्मनचं भांडं, झिरपनारच, आन् आदीच तिच्यात पैसा न्हाई ठिवलेला. पैसा न्हाई ठिवला म्हनून बुडाली म्हनं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पैशाचं पटलं, गिरमिटाचं न्हाई पटलं. म्हनलं, पैसा तुमीच ठिवू दिला न्हाई आन् आता त्याचंच निमित्त करता? चप्पल काढली मी. व्हय, मारली. लागली न्हाई त्याला, खांबाला लागली. झालं. त्या दिसापास्नं वस्तीत मला कुनी पानी इचारत न्हाई. हळदीकुकवाला बलवत न्हाई. पोरगी कवठ्याला दिलीय, कवठे येमाईला, येक येस्टी हाय सरळ, पन चुलत्याच्या पाया पडल्याबिगर माझं तोंड बगनार न्हाई म्हनते. नातू झाला, त्याचं बारसं मला दुसऱ्याकडनं कळलं. सांगा, चूक कुनाची? मी खरं बोलले. खरं बोलनाऱ्याच्या दारात कोंबड्या आन् खोटं बोलनाऱ्याच्या पंगतीत गाव. म्हनून म्हनते, तुमी म्हना. तुमी भाईरचं मानूस, कंपनीतलं. सारिकाला सांगता येईल, की बाई, शिक्रापूरचा पत्र्याचा जानकार म्हनला, मानसानं पाडलंय.

काय बगताय? काढा बोळा, काढा, माझाच हाय. आला ना भाईर? आता बगा गोल.

आजून हाय? आजून कसं आसंल, मी येकच कोंबला होता, पांढऱ्या धडप्याचा. लाल? लाल न्हाई माझा. फळीच्या आतल्या पट्टीत आडकलंय? वढा की. दमानं. थांबा, कोंबडीला मी धरते. ही पांढरी भुकटी कसली पडली? पत्र्याचीच? पत्र्याची भुकटी कशी होईल भाऊ, पत्रा काय चुना हाय? आता वढा.

द्या हिकडं.

हिरवं झालंय. कापड सगळं हिरवं. हळद होती काय ह्याला, कडंला पिवळं दिसतंय. गाठ मारलीय — ही गाठ जाळ्याची हाय. आमी जाळ्याला मारतो ती. दातानं सोडावी लागती. थांबा.

हं.

न्हाई, काय न्हाई. काय न्हाई झालं मला. पैसा पुसू द्या जरा पदरानं.

काय म्हनता? परत सांगा. तांबं आन् हे जर्मन एकमेकाला लागून पान्यात राहिलं की तांबं त्याला खातं? तुमच्या कंपनीत दोनीच्या मधी रबर घालत्यात, लागू देत न्हाईत? म्हंजी लाकडात काय व्हायचं न्हाई. लाकडात शंभर वर्सं पडला तरी काय न्हाई. ह्याच्यात मात्र खानार. हळूहळू. ओल्या कापडात तर आजून. ज्या जागी ठिवला तीच जागा. गोल.

मानसानंच पाडलंय मग. मी काय खोटं बोलत न्हवते.

हौसराव? त्याचं काय. तुमी मला शिकवू नका त्याच्याकडं जायला. त्यानं त्या दिशी नारळ फोडला आसता आन् उजेडात पैसा ठिवू दिला आसता, तर असलं चोरून, बिडी पडली म्हनून सांगून, वाकून वाकून ठेवायची पाळी आली नसती कुनावर. छाती धरलेल्या मानसाला किती येळ लागला आसंल ही गाठ मारायला. मी वारं लागंल म्हनून वराडत होते. आन् बायकोला सांगायचं न्हाई म्हनून सांगितलं न्हाई. बगा. रीत पाळली. आयुक्षात एक रीत पाळायची ती हीच सापडली. उद्यापास्नं हिच्यासाठी काठावर कोन बसनार, म्हनून हे ठिवलं. आन् मी त्याच्यावर पाठ टाकून झोपत होते. रोज. तीन-चार पावसाळे.

हा दात बगा सारिकाचा. दिसतोय ना? ठसा आजून हाय.

न्हाई भाऊ, इकायची न्हाई आता. मगाशी म्हनले होते, आता न्हाई म्हनते. तुमी म्हनला मानसानं पाडलंय, खरं हाय, तुमचा सबुद खरा, पन होडी द्यायची न्हाई. रबर लावून बुजवता येतं म्हनता ना भोक? मग ते सांगून जावा कुठं मिळतं. न्हाईतर राहू द्या. मी हुडकीन. गाडीचं तोंड तिकडनं फिरवा, चिखल हाय हिकडं. जावा.

आन् त्या सारिकाला — तुमी कवठ्यावरनं जानार न्हाई, ठाऊक हाय मला, तरी म्हनते — कुनी तिला इचारलं ना, की आईच्या होडीला भोक कुनी पाडलं, तर आता नाव सांगायला मला चोरी न्हाई. लग्नात उखान्यात एकदा घेतलं होतं, तवा बायांनी दार आडवलं होतं म्हनून. आता कोन आडवलंय. पान्याकडं तोंड करून सांगते, आयकू द्या त्याला, चकाकी सोसत न्हाई म्हनायचा.

हरिबा.